मुलांचा कल मोजला, रानातली ओल कोण मोजणार?



पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासायची रीत आपल्याला ठाऊक आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून ठेवायचे, काही दिवसांनी कोंब मोजायचे. ज्वारीचे पंचाहत्तरच्या वर निघाले तर बियाणे चांगले. मग तेच बियाणे कोरड्या रानात पडले आणि उगवले नाही, तर आपण बियाण्याच्या नावाने बोटे मोडत नाही. ओल नव्हती, एवढे आपल्याला कळते.

शाळेतल्या पोरांच्या बाबतीत मात्र शहाणी माणसे उलटे करतात. पोरांना विज्ञानाची आवड किती, तंत्रज्ञानाच्या नोकरीची ओढ किती, याच्या मोजण्या जगभर चालतात. आकडा कमी आला की म्हणतात, खेड्यातल्या पोरांना विज्ञानाची गोडीच नाही. आकडा जास्त आला की टाळ्या. रानात ओल होती का, हे कोणी विचारत नाही.

या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठाच्या स्वाइन श्योबर्ग आणि कामिला श्रायनर यांनी ‘रोज’ नावाची मोठी पाहणी केली. चाळीसेक देशांतली पंधरा वर्षांची मुले-मुली. ‘मला शास्त्रज्ञ व्हायला आवडेल’, ‘मला तंत्रज्ञानातली नोकरी आवडेल’ अशी वाक्ये आणि प्रत्येकापुढे चार चौकटी, अमान्य ते मान्य. निकाल गमतीचा निघाला. देश जितका सुखवस्तू, तितकी पोरांची ओढ कमी. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, जपान इथली पोरे नको म्हणाली. युगांडा, घाना, बांगलादेश इथली पोरे हो म्हणाली, मुलीसुद्धा मुलांच्या बरोबरीने.

आता यावरून युगांडात उद्या शास्त्रज्ञांचे पीक येणार असे कोणी म्हणेल का? पोटभर जेवणाऱ्या घरातल्या पोराला ‘काय आवडते’ असे विचारले, तर ते आवड सांगते. कोरडवाहू घरातल्या पोराला तोच प्रश्न विचारला, तर ते यातून सुटायची वाट सांगते. प्रश्न एक, चौकटी त्याच, पण उत्तरे दोन वेगळ्या गोष्टींची. ती एका तराजूत घालून तोलणे म्हणजे ओला कापूस आणि वाळला कापूस एका भावात धरण्यासारखे आहे. (तसे धरणारे व्यापारी नसतात, हे सोडा.)

आपल्या राज्यातही हा प्रयोग झाला. २०१६ साली सरकारने दहावीच्या पोरांची कल चाचणी सुरू केली आणि पुढे काही वर्षे ती चालली. सात कप्पे होते: कृषी, वाणिज्य, कला, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. गणवेशाकडे पोरांचा कल आहे म्हणजे काय? २०१७ च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या सुमारे तीस हजार ग्रामीण मुलामुलींना पुढे काय व्हायचे ते विचारले. मुलांमध्ये फौज-पोलीस सर्वांत वर, मुलींमध्ये शिक्षिका. शेतकरी व्हायचे म्हणणारे शंभरात जेमतेम एक. हा कल नव्हे, हा घरचा हिशेब आहे. महिन्याच्या महिन्याला पगार कुठे मिळतो, हे पोराने बापाच्या तोंडाकडे बघून ओळखले आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. त्या सात कप्प्यांत कृषी वेगळी आणि तांत्रिक वेगळे. म्हणजे शेती ती शेती आणि विज्ञान ते दुसरीकडे कुठेतरी. १९८३ साली चेंबर्स नावाच्या संशोधकाने एक अभ्यास छापला. त्याने ४८०७ लहान मुलांकडून शास्त्रज्ञाचे चित्र काढून घेतले होते. पांढरा डगला, चष्मा, काचेच्या नळ्या, असे चित्र वयाबरोबर पक्के होत जाते असे त्याला दिसले. शास्त्रज्ञ म्हणून बाई काढली फक्त २८ जणांनी, आणि त्या साऱ्या मुली होत्या. ही मुले तिकडची, बहुतेक कॅनडा-अमेरिकेची. पण आपल्या पोरांच्या पुस्तकातले चित्र काही वेगळे आहे का?

गुलाबी बोंडअळीसाठी कपाशीत कामगंध सापळे लावतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे सरासरी आठ पतंग सापडले की समजायचे, उपायाची वेळ आली. वीस हिरवी बोंडे फोडायची, दोनांत अळी दिसली तर दहा टक्के नुकसान. हे मोजून वहीत लिहिणारी आठवीतली पोरगी जे करते, ते कीटकशास्त्रच आहे. मी शेतकी कॉलेजात चार वर्षे जे शिकलो, त्यातला हा अस्सल भाग. पण तिच्यापुढे कागद आला की ‘शास्त्रज्ञ व्हायला आवडेल’ या ओळीसमोर ती नाही अशी खूण करते, कारण शास्त्रज्ञ म्हणजे डगलेवाला बुवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. डब्यावरचा लाल त्रिकोण काय सांगतो आणि दोन औषधे एकत्र केली तर काय होते, हे कळणारे एक पोर प्रत्येक घरात हवे. तेवढ्यासाठी सुद्धा विज्ञान हवे, नोकरीचे नंतर पाहू.

आणि नोकरीचे पाहायचे तर ओल पाहा. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत अकरावी आणि त्यापुढच्या ग्रामीण मुलांत निम्म्याहून अधिक, ५५.७ टक्के, कला शाखेत होती. विज्ञान-तंत्रज्ञानाकडे ३१.७ टक्के. मुलगे ३६.३, मुली २८.१. मुलींची बुद्धी आठ टक्क्यांनी कमी भरली की काय? गावच्या कॉलेजात कला शाखा असते, विज्ञान तालुक्याला. पास फुकट असला तरी प्रात्यक्षिक संपेपर्यंत शेवटची एस.टी. निघून गेलेली असते. मग घरचे म्हणतात, राहू दे बाई, इथेच शिक. ती कलेला जाते आणि पाहणीवाले लिहून घेतात की मुलींना विज्ञानात रस कमी.

यातला खरा फटका पुढे बसतो. बारावी कला केलेल्या पोराला बी.एस्सी. कृषीचे दार बंद. ज्याने चौदा वर्षे कपाशी आणि ज्वारी जवळून पाहिली, त्याला कृषी विद्यापीठात पाऊल ठेवता येत नाही. ज्याने कधी डवरणी पाहिली नाही, पण शहरात विज्ञान शिकला, तो कृषी अधिकारी होऊन आपल्याला सल्ला द्यायला येतो. त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली मोजणी घेऊन यावी. अकरावी विज्ञान किती किलोमीटरवर आहे. तिथे भौतिक आणि रसायनचे मास्तर नेमलेले आहेत की तासिकेवरचे. प्रयोगशाळेचे कुलूप वर्षात किती वेळा उघडते. संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता. यंदा दहावी झालेल्यांपैकी किती जण विज्ञानाला गेले, त्यात मुली किती, आणि मागे राहिलेल्यांपैकी किती जणांना जायचे होते. हा शेवटचा आकडा पोरांना एकेकटे गाठून विचारा, बापासमोर विचारू नका. बाप समोर असला की पोर खरे सांगत नाही.