तेजाबातली लक्ष्मी

लक्ष्मीपूजनाला सोन्याची निंदा करू नये म्हणतात, मी करणार! आमच्या जुन्नर-आंबेगावात उपदेश चालतो : "जुने मोबाईल तेजाबात टाका, घरबसल्या सोने काढा!" सोनाराचा केर धुणारा झारेकरीही कणच वेची, पण त्याने कुणाला घबाडाचे आमिष दाखवले नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने २०१७ ते २०१९ या काळात सुमारे ७९,००० टन विजेरी भंगार जमवले. सोने निघाले ३२ किलो! मग आपल्या परसात काय निघणार? चिमूटभर सोने, आणि उरलेले तेजाब कुकडी-घोडच्या पाण्यात. धंदा जरूर करा : भंगार जमवा, निवडा, नोंदणीकृत कारखान्याला विका. २०२२ च्या नियमांचा रोखही तोच आहे. जिथले पाणी लेकराला पाजवत नाही, त्या अंगणात लक्ष्मी पाऊल तरी कसे टाकील?