सबुरीचे उपदेशक

बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये लिहिलेले निबंधवजा पत्र आज अमेरिकेतील महाविद्यालयांत आदराने शिकवले जाते. ते कोणाला लिहिले होते, एवढे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासांत लिहावयास घेतलेले ते पत्र वर्णद्वेष्ट्या टोळ्यांना उद्देशून नव्हतेच. ते होते आठ सुशिक्षित, कायदाप्रेमी गौरवर्णीय धर्मगुरूंना. आंदोलन अवेळी आहे, रस्ता सोडून न्यायालयाचा मार्ग धरावा, असा त्यांचा उपदेश होता. (कातडीच्या रंगापायी त्यांच्यापैकी कोणालाही उपाहारगृहाच्या दारातून परतावे लागत नव्हते!) न्यायापेक्षा शांतता ज्याला प्रिय, असा नेमस्त गोरा हा कू क्लक्स क्लॅनपेक्षाही मोठा अडसर आहे, या निष्कर्षाप्रत आपण जवळजवळ येऊन ठेपलो आहोत, असे किंग यांनी त्यांना खेदपूर्वक सुनावले.

हा नेमस्त आता लोपला काय? १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला विरोध करणाऱ्या रोनाल्ड रेगन यांनीच १९८३ मध्ये अध्यक्ष या नात्याने किंग जयंतीच्या सुट्टीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. परिस्थिती पालटली आहे, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणाच मोडला. जयंतीला हार आणि कायद्याला कात्री! मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपाला बळ देण्यासाठी गेले असताना ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या झाली, हे या सोहळ्यांत कोण सांगतो? तो संपही बेकायदा असल्याचेच त्या शहराचे महापौर सांगत होते.