सरळ फटक्याची वाट

गोल्फ हा धनिकांचा विरंगुळा, असे महाड औद्योगिक वसाहतीतील कामगारास वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही. मुंबई-पुण्याचे जुने गोल्फ क्लब सभासदांपुरतेच आहेत. परंतु मैदानाची मालकी आणि खेळातील कौशल्य या भिन्न गोष्टी होत. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे मूळचे दिल्लीच्या मैदानावर इतरांच्या काठ्या वाहणारे कॅडी होते.

सरळ फटक्याला ताकद लागते, हा दुसरा गैरसमज. आघाताच्या क्षणी काठीचे तोंड जिकडे असेल, प्रामुख्याने तिकडेच चेंडू निघतो; काठी वेगळ्या रोखाने फिरत असल्यास तो हवेत वळतो. पूर्वी याच्या उलट शिकविले जाई. रडारच्या मोजमापाने ती चूक उघडकीस आली. म्हणून पकड घट्ट आवळू नये, पावले व खांदे लक्ष्यरेषेला समांतर ठेवावेत आणि आधी अर्धाच झोका घोटावा.

एवढ्यासाठी अठरा होलांचे मैदान नको. जाळे, चटई, जुन्या काठ्या आणि जाणता शिक्षक पुरे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या तरतुदीत ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षणही येते, आणि २०१६ पासून गोल्फ पुन्हा ऑलिंपिकमध्ये आहे. वसाहतीतील कारखान्यांनी महाड-पोलादपूरच्या शाळांसाठी ही सोय करून पाहावी. विटीदांडूवर नजर बसलेली मुले येथे कमी नाहीत.

चेंडू भरकटला म्हणून चेंडूला दोष देऊन भागत नाही. काठीचे तोंड कोणीकडे आहे, ते पाहावे लागते. क्रीडाधोरणाचेही तसेच आहे.