धातूचे औषध आणि धातूचे भस्म

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर डॉक्टरांनी ‘किमो’ सांगितली, की घरात रडारड सुरू होते. मग कुणीतरी सुचवते, “त्यापेक्षा अमक्याचे भस्म घ्या, त्यात सोने-तांबे असते.” म्हणून आज धातूच्या औषधाची हकीकत समजून घेऊ.

या आजारात शिरेतून देतात ते सिसप्लॅटिनही धातूचेच औषध आहे. मधोमध प्लॅटिनमचा अणू, त्याच्या एका बाजूला अमोनियाचे दोन रेणू आणि दुसऱ्या बाजूला क्लोरिनचे दोन अणू. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जंतूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जंतू लांबट होत गेले, पण त्यांचे विभाजन थांबले. ही करामत विजेची नव्हती. द्रावणात उतरलेल्या प्लॅटिनमची होती.

पेशीत शिरल्यावर क्लोरिन सुटतो आणि प्लॅटिनम डीएनएला दोन जागी चिकटतो. डीएनएची पिळदार शिडी तिथे वाकते, तिची नक्कल निघत नाही आणि भराभर वाढणारी पेशी मरते. तेच अणू समोरासमोर बसवले, तर तसा गुण येत नाही. गुण नुसत्या धातूत नसतो. तो रचनेत आणि मात्रेत असतो. भस्मात कोणता धातू किती, हे कोण मोजून देतो?

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या टप्प्यावरच्या ८५० स्त्रियांवर चाचणी केली. नुसता रेडिएशनचा शेक घेतलेल्या शंभरांपैकी ४६ जणी पाच वर्षांनी हयात होत्या. शेकाबरोबर सिसप्लॅटिन घेतलेल्या ५४. शंभरामागे आठ घरांतली आई वाचली.

या औषधाने उलट्या होतात. किडनीला, कानाला इजा होऊ शकते. म्हणूनच भरपूर सलाईन देतात. लघवी कमी झाली, कानात आवाज येऊ लागला, तर लगेच सांगावे. उपचार मात्र अर्धवट सोडू नयेत.

संगमनेरात विड्या वळणाऱ्या बाईला मजुरी बुडवून नाशिक-मुंबई गाठणे जड जाते, हे खरे. पण महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

पाळी गेल्यावर रक्त दिसले, संबंधानंतर रक्त गेले, अंगावरून घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तर लाजू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.