आवाजाचा खर्च कोणाच्या खाती?

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि पुढे ते किती रेंगाळले, हे कोलाडकरांना सांगावयास नको. रस्ता रुंद व्हावा, अपघात टळावेत, ही मागणी रास्तच होती. परंतु आंबेवाडी नाक्यावरून जाणाऱ्या मालमोटारींचा जो आवाज रस्त्यालगतच्या घरांत रात्री शिरतो, त्याची किंमत वाहतुकीच्या भाड्यात कोठेही धरलेली नसते. शेजारीच धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे यंत्रांपाशी पाळी भरून या रस्त्याकाठी निजणारा कामगार आवाजाच्या दोन पाळ्या करतो. एक मजुरीवर, दुसरी फुकट.

आवाजाने कान जातात, एवढेच सामान्यतः ठाऊक असते. पण माणूस झोपला तरी कान झोपत नाही. भोंगा वाजला की निद्रिस्ताचा मेंदूही धोक्याची सूचना देतो, रक्तात ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल वाढते, नाडी जलद होते. वर्षानुवर्षे हे घडत राहिले की रक्तदाबाचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. या यादीत आता आतड्यांची भर पडली आहे. दीर्घकाळ गोंगाटात ठेवलेल्या उंदरांच्या आतड्यांतील जंतूंची घडण बदलते, असे प्रयोगांत आढळले आहे. माणसाबाबत पक्का निष्कर्ष अजून निघालेला नाही.

बाजार मात्र निष्कर्षासाठी थांबत नसतो. ताण, निद्रानाश, बिघडलेले पोट या सर्वांवर प्रोबायोटिक जंतूंच्या कुप्या विकल्या जात आहेत. त्यांचा मुळीच उपयोग नाही असे आमचे म्हणणे नाही. प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या अतिसारात काही जातींचा गुण दिसला आहे. (ताक तर मेचनिकॉफने दह्याची महती गाण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या पानात आहे.) परंतु रस्त्याचा गोंगाट कुपीने उतरतो याला आधार नाही. आणि तो उद्या मिळाला, तरी गोंगाट एकाने करावयाचा आणि औषध दुसऱ्याने पदरमोड करून घ्यावयाचे, हा कोणता न्याय?

कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. नफ्याच्या हिशेबातून जो खर्च गाळला जातो तो नाहीसा होत नाही, दुर्बळांच्या अंगावर ढकलला जातो, असे त्याचे प्रतिपादन होते. आवाजाइतके याचे चोख उदाहरण क्वचितच सापडेल. धुराचा काजळा भिंतीवर तरी दिसतो!

कायदा नाही असे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. पण याच नियमांत, मर्यादा १० डेसिबलने ओलांडली गेल्यास नागरिकाने तक्रार करावी, अशी तरतूद आहे. डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नसते. १० डेसिबल अधिक म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. तितके सोसल्यावर तोंड उघडावयाचे! कारखान्यांत आठ तासांस ९० डेसिबल ही मर्यादा आपल्याकडे चालत आली, तर अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था ८५ची शिफारस करते. हा फरक ऊर्जेच्या हिशेबाने तिपटीचा आहे. आवाजाने येणारे बहिरेपण अधिसूचित रोगांत गणले गेले आहे. तेव्हा धाटावच्या संघटनांनी प्रत्येक खात्यातील आवाजाच्या नोंदी आणि कामगारांच्या श्रवणचाचणीचे अहवाल लेखी मागावेत. भरपाईचा दावा कागदावर उभा राहतो, कुपीवर नव्हे.

रस्त्यापुरता एक उपाय कोलाडातच उभा आहे. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी भरलेल्या मालमोटारी येथून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत गाडीवर चढवून नेण्यास प्रारंभ केला. जी मोटार रुळांवरून जाते ती माणगाव-महाडच्या लोकांची झोप मोडीत नाही. पण कोलाडपर्यंत ती रस्त्यानेच येते. म्हणजे नागोठणे आणि कोलाड येथील घरांना या सोयीचा लाभ नाही. चढविण्याचा धक्का पनवेलच्या बाजूस न्यावयाचा तर अडचण अशी की, कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू होते आणि त्याच्या उत्तरेस मध्य रेल्वे आहे. ही मागणी दोन्ही रेल्वेंपुढे एकाच वेळी, रोहा आणि पेण तालुक्यांतील ग्रामसभांच्या ठरावांसह गेली पाहिजे.