पाण्यातली काच

काचेचा पेला फुटून त्याचा एखादा तुकडा पाण्याने भरलेल्या घंगाळात पडला, तर तो डोळ्यांना चटकन सापडत नाही. बोटाला मात्र नेमका सापडतो. जिवंत पेशीची गत थोडीफार या तुकड्यासारखी आहे. ती बहुतांशी पाण्याचीच बनलेली, पाण्यातच राहणारी आणि जवळजवळ बिनरंगाची. सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश तिच्यातून असा आरपार जातो, की जणू वाटेत कोणी भेटलेच नाही!

म्हणून शास्त्रज्ञांनी तिला रंगवण्याचा मार्ग काढला. रंगवलेली पेशी मोठी सुरेख दिसते, परंतु बहुधा त्यासाठी आधी तिला मारावे लागते. मराठीच्या मास्तराला हे दुःख कुणी समजावून सांगायला नको. कवितेतले वृत्त, अलंकार आणि समास वेगळे काढून फळ्यावर मांडले, की तास उत्तम होतो. कविता मात्र तोवर गतप्राण झालेली असते. तेव्हा, न मारता आणि न रंगवता पाहण्याची काही युक्ती आहे काय, या प्रश्नाबद्दल मला आपुलकी वाटली तर वाचकांनी नवल मानू नये.

युक्ती आहे. पेशीतून जाताना प्रकाश उजळपणा फारसा गमावत नाही. तो वेळ गमावतो. पेशीत प्रथिने असतात, त्यामुळे नुसत्या पाण्यापेक्षा तेथे त्याची चाल किंचित मंदावते. रक्तातली तांबडी पेशी घ्या. तिची रुंदी 7-8 मायक्रॉन आणि जाडी सुमारे 2. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिच्यातून आलेला प्रकाश शेजारून आलेल्या प्रकाशाच्या मागे पडतो तो साधारण एक दशांश मायक्रॉन, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या एका लाटेच्या जेमतेम पाचव्या हिश्शाने. लाटेच्या या पुढेमागे असण्याला शास्त्रीय मराठीत ‘कला’ असे गोड नाव आहे. आपल्या डोळ्याला उजेड कळतो, रंग कळतो; ही कला मात्र कळत नाही.

एखादा गवई नुसत्या तंबोऱ्यावर गाताना अर्ध्या मात्रेने मागे सरकला, तर आपल्याला पत्ताही लागत नाही. शेजारी तबल्याचा ठेका सुरू होऊ द्या. सम हुकल्याचे मागच्या सतरंजीवरच्या श्रोत्यालाही कळते. सूक्ष्मदर्शकात हेच करायचे. एका किरणाचे दोन भाग करून एक पेशीतून न्यायचा, दुसरा बाहेरून, आणि पुढे दोघांची गाठ घालून द्यायची. लाटेवर लाट आली की उजेड, लाटेवर खळगा आला की अंधार. याला व्यतिकरण म्हणतात.

कला दृश्य करण्याचा पहिला मोठा पराक्रम हॉलंडच्या फ्रिट्स झेर्निकेचा. 1932 साली तो आपली कल्पना घेऊन येना येथील त्सैसच्या कारखान्यात गेला, तेव्हा तेथील एका बुजुर्गाने ऐकवले, की यात काही उपयोग असता तर तो आम्हीच कधीचा शोधला असता! 1953 साली त्याच कल्पनेला नोबेल पारितोषिक मिळाले. पण झेर्निकेच्या यंत्रात पेशी दिसत असे, मोजता येत नसे. मोजण्याचे काम व्यतिकरणाने साधले. 1952 साली ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बॅरर याने दाखवले, की प्रकाशाला झालेल्या उशिरावरून पेशीतल्या कोरड्या ऐवजाचे वजन काढता येते. हे वजन पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात! एका तांबड्या पेशीत असे सुमारे 30 पिकोग्रॅम हिमोग्लोबिन असते.

अडचण एकच होती. उशीर अचूक काढण्याची एक रीत अशी, की बाहेरचा किरण दर वेळी पाव लाटेने सरकवून चार चित्रे घ्यायची. जिवंत पेशी तोवर स्वस्थ बसेल तर ती जिवंत कसली? लग्नातल्या सामुदायिक फोटोत शेंडेफळ हलते, तसेच तेथे होते. म्हणून एकाच चित्रात काम उरकण्याची रीत निघाली. बाहेरचा किरण किंचित तिरपा आणायचा, म्हणजे चित्रभर समांतर पट्टे उमटतात. पट्टेरी चादरीखाली मूल झोपले असले, की जेथे गुडघा तेथे पट्टे वाकतात. पेशीपाशी हे पट्टे तसेच वाकतात. त्या वाकण्यावरून कला काढण्याचे गणित 1982 साली जपानच्या मित्सुओ ताकेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. 1999 साली लोझान येथे कुश, देपर्सांज आदींनी डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेल्या एकाच होलोग्रामवरून हे मोजमाप करून दाखवले.

याचा उपयोग काय, असे घरातली वडील मंडळी विचारतील, आणि विचारलेच पाहिजे. निरोगी तांबडी पेशी लवचीक असते. तिचे पटल सतत सूक्ष्म थरथरत असते. हिवतापाचा जंतू आत शिरला, की ती ताठर होते आणि थरथर मंदावते. 2008 साली अमेरिकेत पार्क, पोपेस्कू, फेल्ड आणि सुब्रा सुरेश यांच्या गटाने ही घट याच जातीच्या साधनांनी, पेशीला रंगाचे बोट न लावता मोजली.

तरीही घाईने टाळ्या वाजवू नयेत. उशीर जास्त दिसला, तर पेशी जाड आहे की दाट, हे एकटे चित्र सांगत नाही. आत नेमका कोणता पदार्थ आहे, हेही नाही. ते सांगण्यात रंगच पटाईत. हिवतापाच्या तपासणीत रक्ताचा थेंब काचेवर पसरून गिम्साच्या रंगात बुडवण्याची रीत आजही चालू आहे, आणि तिने असंख्य माणसे वाचवली आहेत. रंगाशी भांडण नाही. पण जी पेशी तपासून झाल्यावर पुन्हा वाढवायची असते, किंवा तासन्‌तास वाढताना पाहायची असते, तिला रंगवून चालत नाही. तेथे तिच्यामुळे प्रकाशाला किती उशीर झाला, एवढेच विचारावे आणि तिला आपल्या कामाला जाऊ द्यावे.