फुटव्याच्या दिवसांतला खाडा



या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणे, खोडवा आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. आज घरातल्या पिकाविषयी चार शब्द लिहीत आहोत. कोरोनाच्या टाळेबंदीत आपल्या बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या अंगाचे आणि मनाचे काय झाले, याचा हिशेब आपण अजून मांडलेलाच नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी आली. शाळा त्याआधीच बंद झाल्या होत्या. दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपरसुद्धा रद्द झाला. मधे काही दिवस वर्ग उघडले, पुन्हा मिटले. ग्रामीण भागात पाचवी ते बारावीच्या शाळा सरसकट सुरू झाल्या त्या 4 ऑक्टोबर 2021 ला. म्हणजे दीड वर्ष ना प्रार्थनेची रांग, ना कबड्डी, ना शाळेपर्यंतची पायपीट.

हा खाडा किती महागाचा, हे ऊसवाल्याला सांगायला नको. लागणीनंतर दीड ते चार महिने हा फुटव्याचा काळ. तेव्हा पाण्याचा ताण बसला की फुटवे कमी. पुढे कितीही युरिया टाका, उसाची संख्या भरून येत नाही. माणसाच्या हाडांचाही बहुतेक भरणा विशीच्या आतच होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे तरी दम लागेल असे हुंदडले पाहिजे.

आता आमच्याच घरचे सांगतो. शेतीच्या कामाला टाळेबंदीत मुभा होती. आम्ही स्वतः तोंडाला रुमाल बांधून प्लॉट बघत हिंडत होतो. चौदा वर्षांच्या मुलाला मात्र बजावले, "उंबरा ओलांडायचा नाही." ऑनलाइन शाळेसाठी मोबाइल आम्हीच आणून दिला. पोरगं रात्री दोनपर्यंत जागे, सकाळी दहाला उठे, आणि जेवायच्या वेळी बिस्किटाचा पुडा फोडून बसे. बोलणेही तुटक झाले. शाळा सुरू झाल्यावर एकदा त्याला लागणीला नेले, तर दोन सऱ्यांत धाप लागून बांधावर बसला. आम्ही त्याला आळशी म्हणालो. चूक आमची होती, बोल त्याला लावला.

बंदी गर्दीला होती, सभासद बंधूंनो, रानाला नव्हती. आपल्या बालाघाटाच्या माळावर काय जागेची टंचाई होती? बापाबरोबर पोरगं मळ्यात आले असते, तर कोणता रोग जडला असता? आठवडी बाजार बंद म्हणून मेथी, कोथिंबीर, टोमॅटो कवडीमोल झाले, आणि त्याच घरात पोरं वेफरच्या पुड्यांवर जगली. याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, "आमची पोरं शेतात राबतात, त्यांना खेळ कशाला?" त्यांनी टोळीतल्या मुलांकडे बघावे. आपल्या नेकनूर पट्ट्यात एका बांधाला ऊसवाला सभासद, तर दुसऱ्या बांधाला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जाणारे कुटुंब. मार्च 2020 मध्ये ही कुटुंबे कारखान्यांवरच्या कोप्यांत अडकून पडली. सरकारने गावी परतायला परवानगी दिली ती एप्रिलच्या मध्यावर. पुढच्या हंगामात शाळाच बंद, मग मूल मागे ठेवायचे कोणापाशी? अनेकांनी पोरं सोबत नेली. बारा-तेराव्या वर्षी डोक्यावर मोळी आली. त्या मुलांना हालचालीची नव्हे, पोटभर जेवणाची आणि झोपेची वाण होती. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच. शाळा बंद असताना त्याचा तांदूळ आणि कडधान्य घरी देण्याची सोय झाली, पण नववीच्या पोराला तेही नाही. एका पोराला पाणी साचून पिवळे केले, दुसऱ्याला ताणावर वाळवले. नुकसान दोन्ही प्लॉटांचे.

मुलींचे तर विचारूच नका. घरकाम वाढले, मैत्रिणी तुटल्या, शाळा सुटली. आणि शाळा सुटली की स्थळ बघणे सुरू होते. त्याच सुमारास झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी शंभरातल्या चाळीसहून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. ही मान खाली घालायची गोष्ट आहे.

टाळेबंदी गेली, पण तिने लावलेल्या सवयी गेल्या नाहीत. मोबाइल उशाखालीच आहे, पुडा दप्तरात आहे, मैदानावर काटेरी बाभळी आहेत. तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. संध्याकाळी एक तास पोरांना, आणि पोरींनाही, खेळायला मोकळे सोडा. "अभ्यास बुडतो" म्हणून अडवू नका. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे. भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे, चालत असेल तर अंडे, हे सारे आपल्या दारचे आहे. त्या वेळी मोबाइल फळीवर, बापाचाही.

दुसरे कारखान्याचे. ज्याच्या फडात टोळी उतरेल त्या सभासदाने सोबत पोरं किती, हे विचारलेच पाहिजे. आमचे खाते कोयत्यांची नोंद ठेवते, वजनाची ठेवते. कोपीतल्या मुलांची नोंद आमच्या एकाही रजिस्टरात नाही. हा दोष आमचा, तो आम्ही कबूल करतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे मंजूर झाली. पण वसतिगृहाबाहेर राहिलेले मूल आपल्याच फडात असते. ती नोंद सुरू करावी आणि गट कार्यालयामागची मोकळी जागा खेळासाठी द्यावी, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत कोणी सभासदाने मांडावा. आम्ही नोकर माणसे, ठराव मांडू शकत नाही. मांडला तर अंमलबजावणीला कमी पडणार नाही.

उसाचा फुटवा गेला तो गेला. मुलाचे अंग तेवढे निष्ठुर नाही, वेळेत हात दिला तर बरेच भरून काढते. पण 2020 साली आठवीत असलेली पोरं बघता बघता मतदानाच्या वयाची झाली. मागून येणाऱ्यांची तरी वेळेवर बांधणी करा.

आपला,
ऊस विकास अधिकारी, नेकनूर गट